जाळे कोणत्या बाजूला टाकावे?

शास्त्रभाग : लूक ५:१-११, १३:६-९, योहान २१:१-१४, प्रेषितांची कृत्ये १६:६-१०, १८:९-११
पाठांतरासाठी : गलतीकरांस पत्र ६:९



आमचे एक मामा मांडवीच्या काठी गरवायला बसत. मे महिन्याच्या सुटीत बेळगावहून गेलेले आम्ही भाचे त्यांच्या शेजारी बसायचो. पाच मिनिटे झाली की आमची चुळबुळ सुरू होई. "मामा, इथे मासाच नाही. तिकडे जाऊ या." मामा शांतपणे म्हणत, "आधी गळ वर काढून बघ. आमिष आहे का?" पुष्कळदा खेकड्याने कोळंबी केव्हाच कुरतडून नेलेली असे. रिकाम्या गळापाशी बसून आम्ही माशांना दोष देत असू!

मामांचा दुसरा नियम पाण्याचा. खाडीला दिवसातून साधारण दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाणी थबकले असता मासा सहसा तोंड लावीत नाही. ते वाहू लागले की चोणकासारखा शिकारी मासा खडकाच्या किंवा मानशीच्या आडोशाला येतो. तेवढा वेळ थांबलेच पाहिजे. तिसरा नियम, मासा ओळखण्याचा. चोणक जिवंत कोळंबीवर झेप घेतो. शेवटा शेवाळ व गाळ खाणारा, त्याला कोळंबी दाखवून काय उपयोग? पाणी वाहते आहे, आमिष ताजे आहे, मासाही ओळखला आहे, तरी भरती सरेपर्यंत काही लागले नाही, तर मामा कुरकुर न करता उठत व दुसरी जागा धरीत.

१. रिकाम्या रात्रीनंतर

गालील सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद आहे. १९८६ साली दुष्काळामुळे पाणी हटले, तेव्हा तेथील चिखलात प्रभूच्या काळाच्या सुमाराचा एक मचवा सापडला. त्याची लांबी अवघी ८ मीटरांच्या आसपास. असल्याच मचव्यातून शिमोन पेत्र व त्याचे सोबती रात्रभर राबले असतील. त्या काळची तागाची जाळी दिवसा माशांना दिसत, म्हणून रात्रीची मासेमारी चाले. अशा जाणत्या कोळ्यांना प्रभू भरदिवसा खोल पाण्यात जायला सांगतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. पहिली, काही मिळाले नव्हते तरी ते जाळी धूत होते. निराश माणूस जाळे तसेच टाकून घरी जातो. धीराचा माणूस उद्यासाठी ते स्वच्छ करतो. दुसरी, प्रभूने त्यांचे सरोवर बदलले नाही, जाळेही बदलले नाही. योहान २१ मध्ये तर बदल फक्त मचव्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचा! पुष्कळदा आपल्याला गाव सोडण्याची गरज नसते, बाजू बदलण्याची असते.

२. आमचा रिकामा गळ

काही वर्षांपूर्वी आमच्या शब्बाथशाळेच्या वर्गात अकरा मुले होती. दीड वर्षात ती तीनवर आली. आम्ही प्रार्थना करीत होतो, दर रविवारी वेळेवर हजर राहत होतो, आणि यालाच धीर समजत होतो. मनातून मात्र पालकांना व दूरदर्शनला बोल लावीत होतो. एके दिवशी एका मुलाच्या आईने सांगितले, "त्याला मराठी भरभर वाचता येत नाही. तुम्ही सर्वांसमोर वचन वाचायला लावता, म्हणून तो येत नाही." ही मुले घरी मराठी बोलत, पण शाळेत कन्नड नाहीतर इंग्रजी शिकत. आमचा वर्ग वाचनानेच सुरू होई. दीड वर्षात आम्ही एकदाही गळ वर काढून पाहिला नव्हता.

मग रीत बदलली. आधी गोष्ट तोंडी सांगायची, मुलांनी ती करून दाखवायची, वचन गाऊन पाठ करायचे, आणि अक्षरे शेवटी, हसतखेळत. हळूहळू सहा मुले परत आली. तो मुलगा मात्र आला नाही. त्याची जागा आम्ही अजून राखून आहोत.

३. थांबावे की निघावे?

अंजिराच्या झाडाच्या दाखल्यात तीन वर्षे फळ नाही. माळी आणखी एक वर्ष मागतो, पण नुसते नाही. भोवती खणून खत घालीन म्हणतो. हा खरा धीर. पौलाला आशियात वचन सांगण्यास मनाई झाली, बिथुनियाची वाटही बंद झाली. तेव्हा तो त्रोवसास आला आणि मासेदोनियाच्या हाकेस ओ देऊन निघाला. करिंथात मात्र विरोध असतानाही प्रभूने त्याला थांबण्याचे धैर्य दिले, व तो तेथे दीड वर्ष राहिला. म्हणजे विरोध ही निघण्याची खूण नव्हे, आणि सवय ही थांबण्याची खूण नव्हे. दोन्ही वेळी ऐकायचे ते प्रभूचेच.

एक सावधगिरी. माणसे मासे नव्हेत, आणि सुवार्ता हे फसवण्याचे आमिष नव्हे. लूक ५:१० मधील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'जिवंत धरणे' असा आहे. मासा धरला की मरतो. प्रभूसाठी धरलेला माणूस जगतो. म्हणून संदेश बदलायचा नाही, तो देण्याची रीत मात्र तपासायची.

शिक्षकांनी विचार करण्यासाठी

१) आपल्या वर्गातून गेलेल्या मुलांच्या घरी आपण शेवटचे केव्हा गेलो?
२) आपण धीर धरतो आहोत, की नुसती सवय चालवतो आहोत?
३) येत्या महिन्यात आपण कोणती एक गोष्ट बदलू, आणि कोणती मुळीच बदलणार नाही?

या रविवारी वर्ग सुटल्यावर घाईने घरी न जाता थोडा वेळ बसावे. जाळी धुवावीत. पहाटेच्या वेळी काठावर कोण उभा आहे, हे शिष्यांनाही प्रथम ओळखू आले नव्हते.