प्लास्टर निघेपर्यंत काय वाचशील

पोरी, पाय प्लास्टरात आहे म्हटल्यावर भेटायला येणारे शहाळ्यांबरोबर पुस्तकंही आणतील. त्यातली 'ऊठ, जिंक' छापाची खालच्या फळीवर टाक. नडगीचं हाड मोडलेल्या माणसाला पुढच्या पानावर काय घडलं याची हुरहूर लागली, की तो सकाळी आपणहून डोळे उघडतो. मी खुब्याचं हाड मोडून पडले होते तेव्हा हेच कामाला आलं.

सुरुवातीला जाडजूड काही घेऊ नकोस. दुखण्याच्या गोळ्यांनी झापड येते, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते आणि डोकंही कामातून गेलंसं वाटतं. तसं काही नसतं. जुने दिवाळी अंक काढ, एका बैठकीत एक कथा होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'ही कुठूनही उघडावीत. पु. लं.चं पुस्तक मात्र तुझ्या काकांकडे जाऊ देऊ नकोस. त्यांच्या बरगड्या अजून जुळायच्या आहेत, हसले की कळवळतात.

पाय उशांवर उंच असू दे, सूज उतरते. पोटावर एक उशी घे आणि पुस्तक तिच्यावर टेकव, म्हणजे हात भरून येत नाहीत. चष्मा, पाणी, खुणेचा कागद हाताशी हवा. पुस्तक खाली पडलं तर हाक मार, वाकायचं नाही.

आता खरी युक्ती. प्रकरण ऐन रंगात आलं की खूण घालून मिटायचं आणि फिजिओनं सांगितलेले व्यायाम करायचे. ते झाल्यावरच पुढचं पान. 'एवढं संपवते नि करते' म्हणालीस की झोप लागलीच समज! वॉकर घेऊन चालायची परवानगी मिळाली, की पुस्तक मुद्दाम बाहेरच्या खोलीत ठेवायला सांग.

पडून पडून कंटाळलीस की गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घे. १८५७ साली हा वरसईचा भिक्षुक उत्तरेत गेला, झाशीच्या वेढ्यात सापडला, लुटला गेला, तरी गंगेची कावड घेऊन घरी परतला. त्याच्याबरोबर तुझंही चालणं होईल.

जिद्दीच्या गोष्टी मन थोडं स्थिरावल्यावर वाच. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' घरात आहे. मुरलीकांत पेटकरांना १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळालं १९७२ला. लोक पदकाचंच बोलतात. तू मात्र मधल्या सात वर्षांबद्दल जिथे काही सापडेल ते वाच, तुझ्या उपयोगाचं तिथेच आहे.

आणि रात्री मोबाइलवर 'हाड कधी जुळतं' शोधत बसू नकोस. ते डॉक्टरांना विचार.