सनद मिळाल्यावर

चि. अनिकेत,

वकिलीची सनद हाती येऊन वर्षही झालं नाही आणि तू नगरपालिकेला उभा राहायचं म्हणतोस, असं वहिनींकडून कळलं. उभा राहू नकोस असं मी म्हणणार नाही. पण आपल्या वसंतराव नाईकांची वाटचाल आधी नीट पाहा.

गहुलीच्या बंजारा घरातला हा मुलगा १९४० मध्ये नागपूरला वकील झाला, अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम शिकला आणि पुसदला परतला. तालुक्याच्या वकिलाकडे काय येतं, ते तू आता बघतोसच: धुऱ्याची भांडणं, सावकाराचं कर्ज, अडलेले फेरफार. सरकार गरिबाला नेमकं कुठे अडवतं, हे त्या कागदांतच दिसतं. १९४६ मध्ये ते नगराध्यक्ष झाले, १९५२ मध्ये आमदार. पुढे महसूलमंत्री असताना विकेंद्रीकरण समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्याआधी केंद्राने नेमलेल्या बळवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. नाईक समितीने जिल्ह्याला बळ द्यायला सांगितलं आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. ज्याने स्वतः गावाचा कारभार हाकला होता, त्यालाच ते नीट सुचलं, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत होतं. लोक ही अकरा वर्षं मोजत बसतात. तू १९७२ चा दुष्काळ वाच. मागेल त्याला काम द्यावं, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. नाईकांच्या सरकारने ती उचलली आणि लाखो माणसांच्या हाताला काम मिळालं. दुसऱ्याची चांगली कल्पना आपल्या खुर्चीच्या जोरावर तडीस नेणं मला फार मोठं वाटतं.

तेव्हा निदान दोन वर्षं महसुली कामं मन लावून चालव. नगरपालिकेचं अंदाजपत्रक मागवून ओळ न ओळ वाच. पाणीपट्टी किती येते आणि नळाला पाणी का येत नाही, हे तुला तोंडपाठ हवं. गरिबाचा दावा फुकट चालवलास, तर त्याची किंमत मतात मागू नकोस. ते पाप आहे.

एवढं करूनही अर्ज भरायचाच असेल, तर जरूर भर. फक्त त्याआधी तुझ्या पक्षकारांच्या पुढच्या तारखांची यादी माझ्याकडे पाठव. प्रचाराच्या दिवसांत त्या मी सांभाळीन.

तुझा,
काका