इबेलिनचे खरे रूप

'अवतार' हा शब्द मराठी मुलांना नवा नाही. देवांच्या अवतारांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात, आणि कोकणात दशावतारी मंडळींचे खेळ रात्र रात्र रंगतात. अवतार म्हणजे खाली उतरणे. १९८६ साली अमेरिकेत 'हॅबिटॅट' नावाच्या एका संगणकीय खेळाची चाचणी सुरू झाली. खेळाडूच्या वतीने पडद्यावर चालणाऱ्या-बोलणाऱ्या आकृतीला त्याच्या निर्मात्यांनी हेच नाव दिले. माणूस आपल्या घरी बसतो आणि त्याने निवडलेले रूप संगणकाच्या जगात उतरते. या रूपाआड माणूस लपतो, की त्यातून तो प्रकट होतो? नॉर्वे देशातील एका तरुणाच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

माट्स स्टेन याचा जन्म १९८९ साली झाला. बालपणीच त्याला 'ड्युशेन' नावाच्या दुर्धर व्याधीने ग्रासले. या व्याधीत स्नायू वर्षागणिक क्षीण होत जातात. प्रथम चालणे सुटते, मग हातांतील बळ ओसरते आणि अखेर हृदय व फुफ्फुसेही दुबळी होतात. बरोबरीची मुले मैदानावर धावत, तेव्हा माट्स चाकांच्या खुर्चीत बसलेला असे. मोठेपणी त्याच्या बोटांत अल्पशी हालचाल तेवढी उरली होती. त्याचा बहुतेक वेळ संगणकापुढे जाई. ते पाहून आईवडिलांचा जीव हळहळे. आपल्या मुलाला ना मित्र, ना सोबती, जगाच्या उपयोगी पडण्याचे भाग्यही त्याच्या वाट्याला आले नाही, असे त्यांना वाटे.

परंतु माट्सचे आणखी एक जग होते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली निघाला. देशोदेशीचे लोक एकाच वेळी त्यात उतरतात. त्यातील अझेरॉथ नावाच्या काल्पनिक भूमीवर अरण्ये आहेत, नगरे आहेत, पांथशाळाही आहेत. तेथे माट्सने 'इबेलिन' हे रूप धारण केले. इबेलिन हा धिप्पाड, उमदा गुप्तहेर होता. खेळात प्रवेश करताच तो पुष्कळदा बराच वेळ नुसता धावत असे! ज्याला प्रत्यक्षात एक पाऊलही टाकता येत नव्हते, त्याला त्या धावण्यात केवढा आनंद होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

तेथे 'स्टारलाइट' नावाच्या मंडळाचा तो सभासद झाला. नेदरलँड्समधील एका मुलीचा संगणक तिच्या आईवडिलांनी काढून घेतला, तेव्हा माट्सने त्यांना समजुतीचे पत्र लिहिले. डेन्मार्कमधील एका मातेला आपल्या मुलाशी जवळीक साधणे कठीण जात होते. मुलाबरोबर खेळात उतरून तेथे त्याच्याशी मैत्री करावी, असे त्याने तिला सुचविले. कोणी खिन्न असले, की इबेलिन शेजारी बसून त्याचे ऐकून घेई. मात्र तो काही देवदूत नव्हता. कधी त्याची जीभ तिखट होई आणि मित्रांची मने दुखावत. आपल्या आजाराविषयी त्याने त्यांना कित्येक वर्षे सांगितले नव्हते. लोक आपली कीव करतील, ही धास्ती त्याच्या मनात होती. पुढे त्याने आपल्या ब्लॉगवर मन मोकळे केले. सत्य कळल्यावरही मित्रांनी त्याला दूर लोटले नाही.

१८ नोव्हेंबर २०१४ रोजी वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी माट्सचे निधन झाले. वडिलांनी ती दुःखद वार्ता त्याच्या ब्लॉगवर लिहिली व खाली आपला पत्ता दिला. कोणी उत्तर देईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. पण पाहता पाहता पत्रांचा ओघ सुरू झाला. इबेलिनने आपल्याला कसा धीर दिला, हे अनोळखी माणसे भरल्या अंतःकरणाने लिहीत होती. अंत्यविधीसाठी युरोपातील निरनिराळ्या देशांतून मित्र आले. ज्याच्यापाशी प्रवासखर्चाला पैसे नव्हते, त्याच्यासाठी इतरांनी वर्गणी जमवली. आपला मुलगा एकाकी नव्हता, हे आईवडिलांना त्याच्या मृत्यूनंतर उमगले. त्याच्यावर निघालेला 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' हा चित्रपट २०२४ साली प्रदर्शित झाला. खेळातील संभाषणांच्या जतन केलेल्या नोंदींवरून त्यात इबेलिनचे जीवन पुन्हा उभे केले आहे.

मग इबेलिन खोटा होता काय? त्याचे बळकट बाहू खोटे होते, वेगवान पाय खोटे होते. पण त्याने दिलेला धीर खरा होता आणि त्याने दुखावलेली मनेही खरीच होती. रूप बदलले तरी स्वभाव सोबत येतो. म्हणूनच अशा जगात वावरताना सावधपणही हवे. जेथे माट्ससारखा सुहृद भेटतो, तेथे गोड रूप घेऊन फसविणाराही भेटू शकतो. पोशाख, चेहरा, नाव ही सारी घडीभरात बदलता येतात. माणसाची ओळख पटते, ती तो दुसऱ्याशी कसा वागतो यावरून.

स्वाध्याय

१. माट्सच्या आईवडिलांना कोणते दुःख वाटत असे? ते दुःख कशामुळे हलके झाले?
२. माट्सने आपला आजार मित्रांपासून का लपविला? त्याने तसे केले हे योग्य की अयोग्य? आपले मत सकारण लिहा.
३. 'रूप बदलले तरी स्वभाव सोबत येतो', हे पाठातील दोन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : जीव हळहळणे, मन मोकळे करणे, दूर लोटणे, ओळख पटणे.