बुबुळावरची खरचट आणि डोळ्यातले फूल

उसाचा पाला काढताना पात डोळ्याला लागते, मळणीच्या वेळी भाताचे तूस उडून आत जाते. डोळा लाल होतो, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. पुष्कळदा हे दोन दिवसांत बरे होते. परंतु काही जणांच्या बुबुळावर पुढे पांढरे फूल पडते व तो डोळा कामातून जातो. असे का व्हावे?

बुबुळावरचे पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. वर पेशींच्या पाच-सहा थरांची पातळ साल, तिच्याखाली चिवट पापुद्रा, आणि मग गाभा. गाभ्यात अतिबारीक धागे सारख्या अंतरावर असतात, दोरी धरून लावलेल्या रोपांसारखे. ही रचना नीट असते म्हणूनच उजेड आरपार जातो.

नुसती साल निघाली तर दुखते फार, पण धोका थोडा. बुबुळाच्या कडेला, काळे व पांढरे जिथे मिळते तिथे, नव्या पेशींचा जणू तरवाच असतो. पेशी सरकत येऊन बहुधा एक ते तीन दिवसांत जखम झाकतात. व्रण राहत नाही.

जखम गाभ्यात उतरली की गोष्ट वेगळी. तिथल्या स्वस्थ पेशी दुरुस्तीला लागतात व घाईने नवे धागे विणतात. पण ओळ धरत नाहीत. उजेड तिथे फाकतो. हेच ते फूल. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी साल काढून लेझरने गाभा घासतात, त्यानंतरही काहींना असा धूसरपणा येतो. तो बहुधा वर्षभरात विरतो, कारण ती जखम उथळ व स्वच्छ असते. शेतातली जखम तशी नसते. पाल्याबरोबर बुरशी आत जाते, गाभा कुजवते, आणि मागे जाड फूल ठेवते.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. नेपाळातील भक्तपूर जिल्ह्यात गावच्या आरोग्यसेवकांनी बुबुळ खरचटलेल्या 442 जणांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लावले. निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. अठरा तासांच्या आत आलेल्या 284 जणांपैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. चोवीस तासांनंतर आलेल्या 49 पैकी 14 जणांची चिघळली. मलम तेच, फरक एका रात्रीचा!

म्हणून डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. रुतलेली वस्तू मात्र घरी उपटू नये. मध, अंगावरचे दूध, पाल्याचा रस, काही घालू नये. आणि शेजाऱ्याच्या घरची उरलेली बाटली तर मुळीच नको. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी माजते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ते डोळ्यात रंगीत औषध घालून निळ्या उजेडात पाहतात. साल निघालेली जागा हिरवी चमकते.

ज्यांना फूल पडून गेले आहे ते पुष्कळदा मोतीबिंदू समजून शिबिरात येतात. मोतीबिंदू आतल्या भिंगात असतो. तो काढल्याने फूल जात नाही. फूल दाट व मधोमध असेल तर नेत्रदानातून मिळालेले पटल बसवावे लागते.