प्रेसला दोन बटणं कशाला?

प्रश्न : वाळूजला दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नुकताच लागलोय. पॉवर प्रेसची दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही. जुने ऑपरेटर म्हणतात, एक बटण पाचर मारून अडकवलं की जॉब भराभर निघतात. एका बटणाने काय बिघडतं?
— एक वाचक, बजाजनगर

उत्तर : एका बटणाने एक हात मोकळा राहतो, आणि वाकडा बसलेला पत्रा दिसला की तो हात डायमध्ये जातोच. ठरवून कोणी घालत नाही. दोन्ही हात बाहेर गुंतवून ठेवणं, एवढंच त्या बटणांचं काम. वायरिंग नीट असेल तर दोन्ही साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडावी लागतात; पाचर मारली तर प्रेस हलतच नाही. तुमच्याकडे पाचर चालत असेल, तर ऑपरेटरला दटावण्याआधी कंपनीने पॅनेल उघडून बघावं.

जुन्या की-क्लचच्या प्रेसची गोष्ट वेगळी. क्लच एकदा लागला की फेरा पुरा होईपर्यंत ती थांबत नाही, आणि क्लचची चावी झिजली की बटण न दाबताही ‘डबल स्ट्रोक’ पडतो. तिथे बटणांवर भरवसा नको. हात आत जाणारच नाही असा गार्ड हवा. डाय बदलताना नुसती मोटर बंद करूनही भागत नाही, कारण फ्लायव्हील बराच वेळ फिरत असतं. ते थांबू द्यायचं, स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक लावायचा, मेन स्विचला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची.

हे पोस्टर वाचून किंवा ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ घेऊन अंगवळणी पडत नाही. शिकवणाऱ्याला शेजारी उभं करून, डायमध्ये पत्रा न घालता करून बघा : एक बटण धरून ठेवा, मग दुसरं दाबा. प्रेस हलली तर काम बंद. फ्रिक्शन क्लच असेल तर स्लाइड खाली येताना एक बटण सोडा, ती जागीच थांबली पाहिजे. पलीकडून जॉब काढणाऱ्या हेल्परचे हात मात्र तुमची बटणं राखत नाहीत. त्याला वेगळी जोडी किंवा लाइट कर्टन लागतो. हेल्पर बहुधा कंत्राटी, म्हणून प्रशिक्षणातून नेमका तोच वगळला जातो.

असं शिकवा म्हणणं ही आगाऊपणाची गोष्ट नव्हे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात १११-अ हे कलम आलं आणि सुरक्षेचं प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क झाला.

राहिला वेग. पत्रा घसरत जागेवर जाईल अशी पन्हळ बसवून मागा आणि जॉब काढायला चुंबकी दांडी घ्या. पाचरीने वाचतो तेवढा वेळ त्यातही वाचेल.