दोन फुटी टाकीत दीड फुटी सकर

प्रश्न : 'टाकी साफ ठेवतो' म्हणून आणलेला बोटाएवढा सकर मासा आता दीड फुटाचा झालाय. टाकीत वळताही येत नाही. वडाळी तलावात सोडू का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : नको. वडाळीत नको, छत्री तलावात नको, अकोल्याच्या पाहुण्यांकरवी महानच्या धरणातही नको. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. काठाच्या मातीत बिळं करून तो अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतात. अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात भाव शून्य. उजनी धरणातले मच्छीमार हा ताप भोगताहेत.

आधी विकत घेतलेल्या दुकानात विचारा. पैशांची अपेक्षा ठेवू नका. चार-पाच फुटी टाकी असलेला हौशी माणूस मिळाला तर उत्तम. अंगणातला हौद म्हणाल, तर वऱ्हाडातल्या डिसेंबरच्या रात्री या उष्ण पाण्यातल्या माशाला सोसत नाहीत.

नेताना पॉलिथिनची पिशवी वापरू नका, काटे ती फोडतात. जाळीतही ते अडकतात. झाकणाची बादली घ्या, टाकीतलंच पाणी अर्ध्यापर्यंत भरा, वर हवा राहू द्या. हा मासा गरज पडली तर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. आदल्या दिवशी खाऊ घालू नका, म्हणजे पाणी घाण होत नाही.

कुणीच घेतलं नाही, तर पशुवैद्यकांना विचारा. आणि दुकानदारांनो, विकतानाच सांगा ना, हा दीड फुटाचा होतो म्हणून!