जावा की पायथन? आधी हिशेब बघा

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मुलाला जावाच्या क्लासला घालू की पायथनच्या? स्कोप कशाला आहे?’ प्रश्न अपुरा आहे. काय बनवायचं ते ठरल्याशिवाय भाषा ठरत नाही. बँक, विमा, बिलिंग, पगारपत्रक, गोदामातला साठा ही कामं सांभाळणारं व्यावसायिक सॉफ्टवेअर नोकऱ्या देणारं मोठं क्षेत्र आहे, म्हणून त्यापुरतंच बोलू.

इथे पहिली कसोटी पैशाची. पायथनला किंवा जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारून बघा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. जावातला साधा ‘डबल’ही हेच सांगतो, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश नेमका मावत नाही. खेळात हे चालून जातं, खतावणीत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक नव्या गणनेत दशांशाच्या तिसऱ्या स्थळापुढचे आकडे सरळ छाटले जात होते. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. नीट मोजल्यावर १०९८ च्या घरात निघाला! दोष भाषेचा नव्हता, आकडे छाटणाऱ्याचा होता.

हिशेबाला नेमके दशांश लागतात म्हणूनच १९५९ मध्ये धंद्याच्या हिशेबासाठी आखायला घेतलेल्या कोबॉलमध्ये दशमान गणित मुळातच आलं. पुढे जावाने ‘बिगडेसिमल’ दिलं, सी-शार्पने ‘डेसिमल’, पायथननेही. जावास्क्रिप्टमध्ये तसा अंगभूत प्रकार नसल्याने जाणकार सगळा हिशेब पूर्ण पैशांत ठेवतात. मुलाखतीत ‘रक्कम कशात साठवशील?’ या प्रश्नाला ‘फ्लोट’ (‘डबल’सारखाच द्विमान प्रकार) म्हणणारा मुलगा माझ्या मते तिथेच मागे पडतो, भाषा कोणतीही असो.

दुसरी कसोटी सॉफ्टवेअरच्या आयुष्याची. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबॉल जाणणाऱ्यांना मदतीला या असं जाहीर आवाहन केलं. बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता आणि यंत्रणा जुनी होती. चालू धंद्याचं सॉफ्टवेअर कुणी हौसेने बदलत नाही. म्हणून क्लासची फी भरून कोबॉल शिकावं असं मी सांगणार नाही. पण कंपनीने कोबॉल चालणाऱ्या मेनफ्रेम संगणकांच्या प्रोजेक्टवर टाकलं तर तोंड पाडूनही बसू नये.

आता शिकायचं काय? मोठ्या बँकिंग-विम्याच्या कामात जावा आणि सी-शार्प पक्के रुजले आहेत. व्हेरिएबलचा प्रकार आधीच जाहीर करावा लागत असल्याने बऱ्याच चुका प्रोग्रॅम चालण्याआधीच पकडल्या जातात. वीस वर्षांत शंभर हात लागणाऱ्या कोडला हा मोठा आधार. पायथन लवकर येतं, पण ते फक्त डेटा सायन्सचं आहे हा समज काढून टाका. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे अख्खं ईआरपी, म्हणजे धंद्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, पायथन आणि जावास्क्रिप्टवर उभं आहे, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. एसएपी कंपनीच्या ईआरपीची एबॅप ही भाषा म्हणजे वेगळी वाट. ती कॉमर्सचं ज्ञान असलेल्यांना जास्त फळते.

यातली कोणतीही एक निवडा, पण डेटाबेसशी बोलायची भाषा, एसक्यूएल, सोडू नका. १९७० च्या दशकात जन्मलेली ही भाषा या सगळ्यांच्या खाली उभी आहे. तरीही क्लासच्या जाहिरातीत ती कोपऱ्यात, ‘फुल स्टॅक’ मात्र ठळक.

आणि धंदा समजून घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा निम्मा-निम्मा होतो, कायद्याने कराची रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात आणायची असते, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरच्या. माल परत आला तर क्रेडिट नोट लागते. हे ठाऊक नसलेला प्रोग्रॅमर सुंदर कोड लिहून चुकीचं बिल काढेल.

तेव्हा पालकांनो, फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एकच विचारा : शेवटच्या प्रोजेक्टमध्ये मूळ बिल, परतीचा माल आणि उधारी, तिन्ही असतात का? उत्तर गोलमोल आलं तर पैसे खिशातच ठेवा. आणि मुलांनो, सुट्टीत ओळखीच्या दुकानदाराचा एक महिन्याचा व्यवहार ईआरपीनेक्स्टमध्ये भरा आणि महिनाअखेरचा ताळा त्याच्या वहीशी जुळवून बघा.